मागल्या कोपऱ्यातलं कुंकू

१

महादू मेला तो सकाळी सात वाजता, कुंभवलीच्या नाक्यावर, रात्रपाळी संपवून चहा पिताना. त्याच्या अंगावर गेली ती दिनानाथ तामोऱ्याची पिकअप. गाडी सव्वीस वर्षांची, मागे बर्फ आणि कोळंबी भरलेली. वळणावर दिनानाथनं ब्रेक दाबला, पेडल तळाला गेलं, आणि टपरीसकट महादू भिंतीला चिरडला.

आठव्या दिवशी माझ्या हातात एका कागदाची झेरॉक्स आली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कागदावर दोन ओळी होत्या. 'मागील ब्रेक पाइप गंजून फुटला. मालकाने घरगुती दुरुस्ती केल्यामुळे अपघात.' खाली बोईसरच्या एका गॅरेजचा शिक्का. झालं काम. चाळीस वर्षं इंजिनं उघडणाऱ्या माणसाला दोन ओळींत खुनी करून टाकलं.

मी पुष्पलता चुरी. एसटीच्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं काढली, शेवटची बारा ब्रेकच्या कामावर. सुरुवातीला तिथले पुरुष मला पान्हे पुसायला द्यायचे. शेवटी माझी सही झाल्याशिवाय तेच पुरुष गाडी बाहेर काढत नसत. दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले. पेन्शन मिळाली, राग तसाच राहिला.

झेरॉक्स घेऊन आली होती रखमा, दिनानाथची बायको. वीस वर्षं ती बोईसरच्या बाजारात मला मासे देते. त्या दिवशी पहिल्यांदा ती पाटीशिवाय माझ्या दारात उभी होती.

"ताई, त्यांनी पेटी खाडीत टाकली," ती म्हणाली.

"कसली पेटी?"

"हत्यारांची. पान्हे, जॅक, समदं. आनि सोमवारी पोलिसांत लिवून देनार हायत, माज्या हातानं मानूस मेला म्हनून. मी सांगतं तर ऐकत नाय. वकीलसुदा नको बोलतात."

त्या दिवशी गुरुवार होता.

"रखमा, खरं सांग. नीट केले होते का त्यानं ब्रेक?"

"तुमी बगा ना. म्हनून तर आले." मग ती पायरीकडे बघत राहिली. "पन ब्रेक चुकले नायत, ताई. काय चुकलं ते मला ठाऊक हाय. मी बगितलं होतं, आनि गप ऱ्हायले."

"काय बघितलंस?"

ती पदर तोंडाला लावून निघून गेली.

२

दुसऱ्या दिवशी दिनानाथच्या गावी, दांडीला गेले. दिनानाथ ओटीवर भिंतीकडे तोंड करून बसला होता. अंगणात पिकअप उभी राहायची तिथे ऑइलचा काळा डाग होता. बाकी अंगण झाडलेलं.

त्याची मुलगी मेघाली चहा घेऊन आली. ती आणि तिचा नवरा चिराग त्याच अंगणात शेजारच्या खोलीत राहतात. चहा थोडा सांडला, तो तिनं पायानं पोतेरं ओढून पुसला. ते पोतेरं म्हणजे जीनची पँट होती, बऱ्यापैकी नवी.

"एवढी चांगली पँट पोतेऱ्याला?" मी म्हटलं.

"चिरागची हाय. एकदा धुतली तर चाळन झाली, मावशी. मांडीपासून खाली नुसती भोकं. असला साबन इकतात बाजारात."

मी मनातल्या मनात साबणवाल्याला दोन शिव्या घातल्या आणि तो विषय सोडून दिला. सोडायला नको होता.

"दिनाभाऊ," मी म्हटलं, "काम काय काय केलंत ते क्रमानं सांगा. रडगाणं नको."

कामाचं नाव काढल्यावर त्यानं मान वळवली. "जुलैत मासेमारी बंद, गाडी उबी. हेड उतरवलं, गॅसकेट बदलली, वाल्व घासले. मंग ब्रेक. चारी चाकांचे रबर नवे. पाइप समदे काडून बगितले, घासले, रेड ऑक्साइड मारला. मंग हवा काडली. चिराग पेडलवर, मी खाली नटवर."

"मागचा पाइप गंजलेला होता?"

"त्या दिवशी नव्हता." तो म्हणाला. "पन फुटला ना. म्हंजे माजे डोळे गेले. साठ वर्सांच्या मान्सानं गाडीखाली जाऊ नये. नाक्यावरचे लोक बोलतात ते बरोबर हाय."

"नाक्यावरच्या लोकांना टायरमध्ये हवा तरी भरता येते का? ते राहू दे. त्या सकाळी पेडल कसं होतं?"

"टनक. गावाबाहेरच्या गतिरोधकाला टनक, शाळेजवळ टनक. कुंभवलीला एकदम पायाखालून गेलं. जुनी गाडी ती, चारी चाकांना एकच लाइन. एक फुटला का समदी मोकळी. हँडब्रेक ओडला, पन..." त्यानं पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

चिराग दारात येऊन उभा होता. पंचविशीचा, तारापूरच्या कारखान्यांत कंत्राटदाराकडे कामाला. "हवा ऱ्हायली असनार, मावशी," तो म्हणाला. "मी तवाच मामांना बोललो होतो, गॅरेजला देऊ. ऐकतात कुटं."

मी त्याच्याकडे नीट बघितलं. ब्रेकमध्ये हवा राहिली तर पेडल पहिल्या दाबापासून मऊ लागतं. दोन ब्रेक टणक आणि तिसऱ्याला तळाला, असं हवेनं होत नाही. हे वर्कशॉपच्या पहिल्या महिन्यात शिकवतात. आणि पेडलवर बसून ज्यानं हवा काढली, त्याला ते पायानंच कळलं होतं. मग हा असं का बोलतोय?

"काम झाल्यावर गाडी कुणी चालवली?" मी दिनानाथला विचारलं.

"कोन नाय. काम पुरं झालं वीस जुलैला. नारळ फोडल्याबिगर आमी गाडीत मासा भरत नाय. पुनवेला पूजा झाली, चौथ्या दिवशी पयली खेप. तीच ती."

"मधे जागची हलली नाही?"

"नाय. इंजिन नवं बांदलं का पाचशे किलोमीटरला ऑइल बदलावं लागतं, म्हनून आकडा लिवून ठेवतो. बॉनेटच्या आतल्या अंगाला हाय. मीटरची केबलपन नवी टाकलीय. जाऊन बगा, जुळल."

मी जाऊन बघितला. जुळला नाही.

३

पोलिस ठाण्याच्या मागच्या आवारात हवालदार दिपेशनं मला गाडीपाशी नेलं. त्याचे वडील आमच्या डेपोत ड्रायव्हर होते, म्हणून तो मला काकी म्हणतो आणि मी त्याला रागावले तरी चालतं.

"काकी, कागद आलाय ना गॅरेजचा," तो म्हणाला. "आता काय बघायचंय?"

"तो कागद तू वाचलास. पाइप वाचलास का? बॉनेट उघड."

आत पांढऱ्या रंगानं, शाळेच्या फळ्यावर असतं तसं स्वच्छ लिहिलं होतं: २१४३०६, २० जुलै. मीटरवर होतं २१४३५८. मधे बावन्न किलोमीटर. दांडी ते कुंभवली आठ. उरलेले चव्वेचाळीस किलोमीटर उभी गाडी एकटीच फिरून आली होती की काय? दांडीहून तारापूरच्या कारखान्यांपर्यंत जाऊन-येऊन बावीस होतात. म्हणजे दोन खेपा.

मग मी गोणपाट अंथरलं आणि गाडीखाली शिरले. दिपेश नको नको म्हणत राहिला. साठीची बाई गाडीखाली शिरली की पुरुषांना फार काळजी वाटते. तीच बाई आयुष्यभर शिरत होती तेव्हा कुणाला वाटली नव्हती.

मागच्या डाव्या चाकाजवळ पाइप फुटला होता. मी बॅटरीचा उजेड पाडला, बोट फिरवलं आणि पडल्या पडल्या त्या गॅरेजवाल्याचा उद्धार केला. खारं पाणी पाइपाला सगळीकडून धरतं, पापुद्रे काढतं, वर्षानुवर्षं खातं. हा पाइप फक्त वरच्या बाजूनं खाल्लेला होता, चार बोटं लांबीत, कागदासारखा पातळ होईपर्यंत. खालच्या अंगाला दिनानाथचा रेड ऑक्साइड जसाच्या तसा होता. वरून काहीतरी ठिबकलं होतं.

वर बघितलं. बरोबर त्या जागी फळीला भोक होतं. मासे वाहणाऱ्या गाडीला असं भोक असतंच, बर्फाचं पाणी जायला. पण दिनानाथसारखा माणूस त्या भोकाला रबरी नळी लावतो, म्हणजे खारं पाणी पाइपावर न पडता चाकापलीकडे रस्त्यावर पडतं. नळी जागेवर होती, तारेनं घट्ट बांधलेली.

नळी असताना पाइपावर थेंब पडणं शक्य नव्हतं. म्हणजे जे पडलं ते नळी नसताना पडलं. आणि नळी नसताना या गाडीत मासे कधीच भरत नाहीत.

बाहेर येऊन मागे चढले. बर्फाच्या पेट्या काढून टाकलेल्या होत्या. पूजेची बोटं फळ्यांच्या चारही कोपऱ्यांत उभ्या बाजूला लावलेली दिसत होती. तीन कोपऱ्यांत लाल कुंकू. मागल्या डाव्या कोपऱ्यात मात्र पिवळी. मला वाटलं, तिथे हळद लावली असेल.

"म्हणजे कुणीतरी पाइप कापला म्हणता?" दिपेशनं विचारलं.

"कापला असता तर बरं झालं असतं, कापणाऱ्याला चुकून झालं असं म्हणता तरी आलं नसतं," मी म्हटलं. "हा खाल्लाय. काय सांडून खाल्लाय ते मला शोधू दे, आणि तोवर या गाडीला कुणाला हात लावू देऊ नकोस."

४

गॅरेजवाला मेहुल माझ्या ओळखीचा. दिनानाथवर त्याची खुन्नस जुनी. सबंध किनाऱ्यावरच्या गाड्या त्याच्याकडे येतात, ही एक येत नव्हती, आणि वर दिनानाथ दुसऱ्यांच्याही गाड्या फुकट बघून द्यायचा. आधी मला वाटलं होतं की यात मेहुलचाच हात असणार. कबूल करते, तसं निघालं असतं तर मला आवडलं असतं.

"गाडीखाली गेला होतास?" मी विचारलं.

"मॅडम, पाइप फुटलेला वाकूनच दिसत होता."

"वाकून. एक माणूस मेलाय, दुसरा स्वतःला फासावर चढवायला निघालाय, आणि तू वाकून बघितलंस. रबर बघितले?"

तो कपड्याला हात पुसत राहिला. "रबर नवीन होते. माझ्याकडूनच नेले होते त्यांनी, जुलैत."

"काम कसं होतं?"

"काम चांगलं होतं," तो हळू आवाजात म्हणाला. "माझ्या पोरांपेक्षा चांगलं. पण फौजदाराला कागद पाहिजे होता, मी दिला."

"फौजदारानं तुला बोलावलं?"

"नाही, विनोदशेठ घेऊन गेले. मेलेला माणूस त्यांच्या कंत्राटावर वॉचमन होता ना. ते बोलले, घरगुती दुरुस्ती आहे, तसं लिहून टाक, त्याच्या बिचाऱ्या बायकोची केस लवकर सुटेल."

विनोद तारापूरच्या कारखान्यांना माणसं पुरवतो, कचरा उचलतो, पिंपं उचलतो. स्वतःच्या मेलेल्या वॉचमनची त्याला एवढी कळकळ? मी सालवडला महादूच्या घरी गेले.

मंजुळा, महादूची बायको, चुलीपुढे बसली होती. चूल पेटलेली नव्हती. मी कोण आणि कशासाठी फिरते ते सरळ सांगितलं. ती मला हाकलून देईल असं वाटलं होतं.

"विनोदशेठ आला होता तिसऱ्या दिवशी," ती म्हणाली. "बोलला, म्हाताऱ्यानं गाडी घरीच ठोकठाक केली, गॅरेजचं पैसं वाचवायला. तवापासून मी रोज सकाळी उठून त्या म्हाताऱ्याला शिव्या घालतं, बाय. उठलं का पयलं तेच. त्याबिगर उठवत नाय."

"आणि त्याची चूक नसली तर?"

"मंग ज्याची हाय त्याचं नाव सांगा," ती म्हणाली. "शिव्या तर मला घालायच्याच हायत. बरोबर मानसाला पोचल्या पायजेत."

कुणाचा राग कुणाच्या दारात नेऊन टाकला होता त्या विनोदनं.

५

शनिवारी मी पुन्हा दांडीला गेले. रखमा अंगणात सुकी मासळी उलटवत होती. मी तिच्याजवळ बसले.

"रखमा, पूजेला तू गाडीला हळद लावलीस, ती एकाच कोपऱ्यात का?"

तिच्या हातातली मासळी खाली पडली. "हळद नाय लावली," ती म्हणाली. "कुंकूच लावलं. चारी कोपऱ्यांना. घरचं कुंकू, मी सोता करतं, हळदीत चुन्याची निवळी घालून. तीन कोपरे लाल ऱ्हायले आनि चौथ्याचं माज्या डोळ्यांदेखत पिवळं पडलं. कुंकू पुसलं गेलं, ताई. तवाच सांगायला पायजे होतं, गाडी काडू नका म्हनून. मी बोलले नाय, आनि मानूस मेला. दुसऱ्या बाईचं कुंकू गेलं."

हे ती दहा-बारा दिवस एकटी गिळून बसली होती. नवरा म्हणत होता माझे हात चुकले, बायको म्हणत होती माझं कुंकू चुकलं. एका घरात दोन निर्दोष माणसं स्वतःला जाळत होती आणि ज्यांनी केलं ते चहा पीत होते.

"रखमा, ऐक," मी म्हटलं. "वर्कशॉपमध्ये खंडेनवमीला आम्ही सगळ्या यंत्रांची पूजा करायचो. बॅटरीच्या खोलीत बॅटऱ्यांना कुंकू लावलं की दरवर्षी पिवळं पडायचं. नवीन पोरं घाबरायची. ते बॅटरीतल्या ॲसिडनं व्हायचं. हळद चुन्यानं लाल होते, ॲसिड लागलं की परत पिवळी. तुझ्या कुंकवानं अपशकुन केला नाही. त्यानं खरं सांगितलं. त्या कोपऱ्यात ॲसिड सांडलं होतं, लाकडात मुरलं होतं."

तिनं पडलेली मासळी उचलली. मग एकदम म्हणाली, "पूजेआदी फळ्या धुतल्या तवा नाकाला झोंबलं होतं. मला वाटलं फिनेल."

"जुलैच्या शेवटी तुम्ही दोघं कुठे बाहेर गेला होतात?"

"सातपाटीला, माज्या भावाकडं, दोन दिवस. चावी हितंच खिळ्याला. नळीपन हितंच." तिनं ओटीच्या भिंतीवरचा खिळा दाखवला. "मासा भरायच्या वक्ती काडतो, आल्यावर धुऊन परत टांगतो."

तेवढ्यात मेघाली घरातून आली आणि ओटी पुसायला लागली. त्याच पँटीनं. मी ते पोतेरं बघितलं, आणि माझ्या डोक्यातला शेवटचा नट बसला. ॲसिड उडालेलं सुती कापड आधी धड दिसतं. धुतलं की भोकं पडतात. माझ्या अर्ध्या साड्या नोकरीत तशाच गेल्या.

"मेघाली," मी म्हटलं, "ही पँट चिरागनं कधी घातली होती?"

"आईबाबा सातपाटीला गेले त्या दिवशी. का?"

मला सांगायला तोंड होत नव्हतं. ती आईकडे बघत राहिली, आईच्या मागे खिळ्याकडे, मग हातातल्या कापडाकडे. पोरगी बापाची होती, कामाची जोडणी तिला सांगावी लागली नाही. ती उठली आणि शेजारच्या खोलीचं दार तिनं लाथेनं उघडलं.

"बाहेर ये," ती म्हणाली. "माज्या बापासमोर ये."

६

चिराग आला. दिनानाथही भिंतीकडून वळला.

मी एकेक गोष्ट मांडली. मीटरचे चव्वेचाळीस किलोमीटर. वरूनच खाल्लेला पाइप. बांधलेली नळी. पिवळं कुंकू. शेवटी पँट. "आणि हवा राहिली असं तूच म्हणालास," मी म्हटलं. "ज्याला माहीत नसतं तो हवा म्हणू शकतो. तू पेडलवर होतास. तुला माहीत होतं की हवा नाही."

तो ओटीच्या कडेला बसला. "विनोदशेठ बोलला, पिंपांत कारखान्यातलं धुन्याचं पानी हाय," तो म्हणाला. "गाडी उबीच हाय तर दोन खेपा मार. माजी नोकरी पर्मनंट करतो बोलला. पयल्या खेपेला एक पिंप कलंडलं. मी पानी मारलं वरून. मला काय म्हाईत खाली काय होईल ते."

"नळी का नाही लावलीस?"

"मासे नव्हते ना, मावशी." त्याला रडू फुटलं. "मासे असते तर हात आपोआप खिळ्याकडं गेला असता. मासे नव्हते, म्हनून डोक्यातच आलं नाय."

"आणि पाइप फुटला हे ऐकल्यावर? तेव्हा आलं डोक्यात?"

तो बाहीनं डोळे पुसायला लागला. माझा तोल गेला. "अरे, दहा दिवस! तुझ्यासमोर ह्या माणसानं पेटी खाडीत टाकली. तुला सगळं कळलेलं असताना तू हवा राहिली, हवा राहिली करत गावभर फिरलास. महादूला तू चुकून मारलंस. ह्यांना रोज मुद्दाम मारत होतास."

दिनानाथ उठून उभा राहिला. मला वाटलं मारतो आता जावयाला. पण त्यानं आधी माझ्याकडे बघून विचारलं, "म्हंजे पाइप मी नीट केला होता?"

"नीट केला होतात. मेहुलसुद्धा म्हणतो, त्याच्या पोरांपेक्षा चांगला."

त्यानं मान हलवली. मग चिरागकडे वळून अगदी हळू विचारलं, "पिंपं कुटं ओतलीस?"

चिराग जमिनीकडे बघत राहिला.

"कुटं ओतलीस?"

"खाडीत," चिराग म्हणाला. "पुलाखाली."

दिनानाथनं खाडीच्या दिशेनं बघितलं. महादूसाठी तो दहा दिवस झुरत होता, पण असा चेहरा मी तेव्हाही बघितला नव्हता. "तितं पोरं कोळंबी पकडतात," तो म्हणाला. "तुजा मेव्हनापन, माजा पोरगा."

मेघालीनं पँट पिळली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आणि गाठ मारली. "मी येतं पोलिसांत," ती मला म्हणाली. चिरागकडे बघून म्हणाली, "तू चालत आलास तर बरं. नायतर मी सांगतंच हाय."

तो चालत आला.

७

सोमवारी दिनानाथ लिहून द्यायला ठाण्यात आला, ते वेगळंच काही. गाडी कुणाला दिली नव्हती, नळी कधी काढतो, कधी लावतो, सगळं. दिपेशनं पाइप नीट उतरवून बंद केला होता आणि मागल्या कोपऱ्यातली फळीही कापून ठेवली होती. विनोदला दुपारी उचलला. तो येताना फोनवर बोलतच आला, म्हणाला मला काही माहीत नाही, पोरानं परस्पर केलं. ज्या कारखान्यातून पिंपं निघाली तिथला साहेब तर आलाच नाही. त्याचा वकील आला, इस्त्री केलेल्या शर्टात. माझा राग तिथे कुठेच पोचला नाही, आणि ते मला अजून सलतंय.

मंजुळाला मीच निरोप पाठवला होता. ती आवारात आली आणि नेमका दिनानाथच तिच्या समोर आला.

"लय बोलले मी तुमाला," ती म्हणाली. "रोज सकाळी. त्या शिव्या आता माघारी कशा घेऊ, मला कळत नाय."

"ऱ्हाऊ द्या," दिनानाथ म्हणाला. "मी पन मलाच घालत होतो. दोगांच्या एकाच जागी पडल्या."

ती त्याच्या हातांकडे बघत होती. आदल्या दिवशी खाडीतनं पेटी परत काढताना सोललेले हात, नखांत चिखल. मग ती माझ्याकडे वळली.

"बाय, मी तुमाला नाव सांगा बोलले होते."

"चिराग, तामोऱ्यांचा जावई," मी म्हटलं. "त्यानं पिंप सांडलं आणि गप्प बसला. पण ते त्याच्या हातात ज्यानं दिलं तो तुझ्या घरी येऊन बसला होता."

"विनोदशेठ?"

"तोच."

"शेठ नको," मंजुळा म्हणाली. "पुरं नाव सांगा. बापाचं, आडनाव, समदं. चुकून दुसऱ्याला लागायला नको."

"विनोद जगन्नाथ पिंपळे," मी सांगितलं.

तिला लिहिता येत नव्हतं. आवारातल्या दगडावर बसून तिनं ते नाव चार-पाच वेळा म्हटलं, पाठ होईपर्यंत.